मालक मॉरिशस, कब्जा ब्रिटनचा: चागोस बेटांचं प्रकरण

वर्गातल्या भिंतीवरच्या नकाशात मुंबईवर फूटपट्टीचं टोक ठेवायचं आणि सरळ खाली रेघ ओढायची. रेघ लक्षद्वीपला खेटून जाते, मालदीवच्या किंचित पश्चिमेला विषुववृत्त ओलांडते आणि साधारण २,९०० किलोमीटरवर पावलाच्या ठशासारख्या दिसणाऱ्या एका बेटाजवळ पोचते. ते बेट म्हणजे चागोस बेटांतलं दिएगो गार्सिया. मुंबईच्या आणि त्याच्या रेखांशात अर्ध्या अंशाचाही फरक नाही. दरवर्षी ही रेघ ओढली की वर्गात कोणीतरी म्हणतंच, ‘म्हणजे हे आपल्या समोरच आहे की!’ समोर आहेच. पण तिथे अमेरिकेचा हवाई आणि नाविक तळ आहे, बेट ब्रिटनच्या ताब्यात आहे, आणि मालकी मॉरिशसची आहे हे ब्रिटनला कबूल करायला साठ वर्षं लागली.

आमच्या एम.ए.च्या संध्याकाळच्या वर्गात ‘आंतरराष्ट्रीय राजकारणातली छोटी राष्ट्रं’ हा घटक आहे. मुलं दिवसभर नोकरी करून सहाला येतात आणि नऊच्या आत लोकल पकडायची असते, त्यामुळे या घटकावरचं उत्तर ठरलेलं: बळी तो कान पिळी, कौटिल्याचा मात्स्यन्याय, मोठा मासा छोट्याला खातो, दोन पानं, संपलं. व्याख्या पाठ असते. कॉमनवेल्थ आणि जागतिक बँक साधारण १५ लाखांपर्यंत लोकसंख्येच्या देशाला छोटं म्हणतात. सिंगापूरने १९९२ साली संयुक्त राष्ट्रांत छोट्या देशांचा गट बांधला, त्यांची मर्यादा एक कोटीची. या आकड्यांतून फारसं काही हाती लागत नाही, असं माझं मत. त्यापेक्षा एकच प्रकरण शेवटपर्यंत उसवून पाहावं. मी चागोस घेते.

आधी फिर्यादी कोण ते पाहू. मॉरिशसची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत एकट्या मुंबई महापालिकेच्या हद्दीत १ कोटी २४ लाख माणसं होती, म्हणजे हा देश मुंबईच्या दहाव्या हिश्श्याएवढा. खडं सैन्य नाही. पोलिसांचीच एक सशस्त्र तुकडी आणि तटरक्षक दल. या देशाशी आपलं नातं मात्र जुनं आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून गिरमिटिया, म्हणजे करारबद्ध मजूर, म्हणून गेलेल्या कुटुंबांचे वंशज तिथे आजही स्वतःला मराठी म्हणवतात, शाळेत मराठी शिकतात, आणि गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. दलाल स्ट्रीटला हा देश वेगळ्याच कारणाने ठाऊक. भारत-मॉरिशस करार १९८२ साली झाला, त्यात भांडवली नफ्यावर कर लावायचा हक्क मॉरिशसकडे गेला, आणि पुढची तीनेक दशकं परदेशी पैसा ‘मॉरिशस रूट’ने शेअरबाजारात येत राहिला. २०१६ साली करार दुरुस्त झाला तेव्हा ती वाट बरीचशी बंद झाली. दलालाच्या कार्यालयात काम करणारा माझा एक विद्यार्थी म्हणाला होता, ‘मॅडम, मॉरिशस हा देश आहे हे मला नोकरी लागल्यावर सहा महिन्यांनी कळलं. आधी वाटायचं, क्लायंटचं नाव आहे.’

हे हसण्यावारी नेऊ नका. छोटा देश म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर समुद्रकिनारा किंवा करसवलत येते. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात ब्रिटनसमोर उभा राहणारा पक्षकार येत नाही.

१९६५: सही

१८१४ च्या पॅरिस तहाने मॉरिशस फ्रान्सकडून ब्रिटनकडे आलं, आणि चागोस बेटं मॉरिशसचाच भाग म्हणून चालवली गेली. दोघांत अंतर मोठं, २,००० किलोमीटरहून जास्त, पण कारभार एक. १९६० च्या दशकात अमेरिकेला हिंदी महासागराच्या मध्यावर तळ हवा होता आणि ब्रिटनला आपल्या वसाहती सोडायच्या होत्या. सोडता सोडता एक तुकडा काढून ठेवला तर दोन्ही कामं होत होती.

सप्टेंबर १९६५ मध्ये लंडनच्या लँकेस्टर हाऊसमध्ये मॉरिशसच्या स्वातंत्र्याची बोलणी चालली होती. २३ सप्टेंबरला पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी मॉरिशसचे नेते सर शिवसागर रामगुलाम यांना वेगळं भेटायला बोलावलं. आदल्या दिवशी विल्सन यांच्या सचिवाने त्यांच्यासाठी जे टिपण केलं ते पुढे उघड झालं. त्यातला सल्ला असा की रामगुलाम यांना आशा दाखवून घाबरवावं: स्वातंत्र्य मिळेल ही आशा, आणि चागोसबाबत समजूतदारपणा दाखवला नाही तर मिळणार नाही ही भीती. रामगुलाम यांनी चागोस वेगळं काढायला तत्त्वतः मान्यता दिली. मोबदला ठरला ३० लाख पौंड.

मुंबईकराला ही गोष्ट ओळखीची वाटायला हरकत नाही. १६६१ च्या विवाहकरारात पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर आपलं बेट इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला आंदण गेलं, आणि १६६८ साली त्याने ते ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने देऊन टाकलं. बेटावरच्या कोळ्यांना आणि भंडाऱ्यांना कोणी विचारलं नव्हतं. फरक इतकाच की १६६१ साली असं करणं बेकायदा आहे असं म्हणणारा कायदा अस्तित्वात नव्हता. १९६५ साली होता. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १४ डिसेंबर १९६० रोजी ठराव १५१४ मंजूर केला होता, आणि वसाहतीला स्वातंत्र्य देताना तिचे तुकडे पाडू नयेत हे त्यात स्पष्ट होतं.

ब्रिटनने ८ नोव्हेंबर १९६५ रोजी चागोस वेगळं काढून ‘ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेश’ नावाची नवी वसाहत स्थापली. बाकी जग वसाहती मोडत असताना जन्मलेली वसाहत. सव्वा महिन्यात, १६ डिसेंबरला, आमसभेने ठराव २०६६ करून मॉरिशसचं विभाजन करू नका असं बजावलं. लंडनने दुर्लक्ष केलं. ३० डिसेंबर १९६६ रोजी ही बेटं अमेरिकेला पन्नास वर्षांसाठी वापरायला दिली गेली, आणि त्या बदल्यात ब्रिटन अमेरिकेकडून घेत असलेल्या पोलारिस क्षेपणास्त्रांच्या खर्चातले १ कोटी ४० लाख डॉलर अमेरिकेने गुपचूप सोडून दिले. मॉरिशस १२ मार्च १९६८ रोजी स्वतंत्र झालं. तारीख दांडी यात्रेची.

राहता राहिली बेटावरची माणसं. नारळाच्या मळ्यांवर काम करणारे दीड ते दोन हजार चागोसवासी, त्यांच्या काही पिढ्या तिथेच गेलेल्या. कायम वस्ती आहे असं मान्य केलं तर संयुक्त राष्ट्रांना अहवाल द्यावा लागला असता, म्हणून ते ‘कंत्राटी मजूर’ ठरले. एका ब्रिटिश अधिकाऱ्याच्या टिपणात त्यांची टार्झन आणि ‘मॅन फ्रायडे’ (रॉबिन्सन क्रूसोचा बेटावरचा नोकर) अशी टवाळी आहे. १९६७ ते १९७३ च्या दरम्यान त्यांना हलवण्यात आलं. उपचारासाठी किंवा नातलगांना भेटायला मॉरिशसला गेलेल्यांना परतीचं जहाजच मिळेना. उरलेल्यांचं धान्य कमी केलं गेलं. १९७१ मध्ये दिएगो गार्सियावरची पाळीव कुत्री मारून टाकली. मग लोकांना मॉरिशस आणि सेशेल्सच्या धक्क्यांवर उतरवून दिलं.

वर्गात इथे नेहमी शांतता होते. मी ती फार ताणत नाही, कारण आपला प्रश्न वेगळा आहे. अन्याय झाला हे ठरलं. पण अन्याय झालेले देश शेकड्याने आहेत. यालाच दाद का मिळाली?

कुलूप

आंतरराष्ट्रीय न्यायालयात एखाद्या देशावर दावा लावायचा तर त्या देशाची संमती लागते. ब्रिटनने संमती दिली होती, पण एक अपवाद ठेवून: कॉमनवेल्थच्या सदस्य देशांशी असलेले वाद या न्यायालयात चालणार नाहीत. मॉरिशस कॉमनवेल्थमध्ये. २००४ साली मॉरिशसमध्ये बोललं जाऊ लागलं की कॉमनवेल्थमधून बाहेर पडू आणि दावा लावू. ब्रिटनने त्याच वर्षी आपल्या घोषणेत दुरुस्ती केली: जे सदस्य आहेत ‘किंवा होते’ त्यांच्याशीही नाही. दोन शब्दांत दार बंद. बड्या देशाची ताकद अशीही असते. आरमार हलवावं लागत नाही, कारकून पुरतो.

दुसरीकडे चागोसवासी स्वतः ब्रिटिश न्यायालयांत लढत होते. त्यांचे नेते ऑलिव्हिए बाँकूल यांनी २००० साली लंडनच्या उच्च न्यायालयात बेटांवर परतण्याच्या हक्काचा खटला जिंकला. २००४ मध्ये सरकारने राजाज्ञा काढून तो निकाल निष्प्रभ केला. २००८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, तीन विरुद्ध दोन मतांनी सरकारची बाजू उचलली.

मग ब्रिटनने स्वतःहून एक चूक केली. १ एप्रिल २०१० रोजी चागोसभोवतीचा समुद्र ‘सागरी संरक्षित क्षेत्र’ म्हणून जाहीर केला. मासेमारी बंद. कागदावर पर्यावरणाचं पुण्य, आणि बेटावर परतणाऱ्यांना पोट भरायला काही उरणार नाही अशीही सोय. पण समुद्राचा विषय काढला की सागरी कायद्याचा करार लागू होतो, आणि त्या करारात लवादाची तरतूद सक्तीची आहे. तिथे नाही म्हणता येत नाही. मॉरिशसने डिसेंबर २०१० मध्ये लवाद मागितला.

निकाल १८ मार्च २०१५ ला आला. बेटं कोणाची, यावर लवादाने हात वर केले. तो प्रश्न आमच्या कक्षेत नाही, असं तीन विरुद्ध दोन मतांनी ठरलं. पण संरक्षित क्षेत्र जाहीर करताना ब्रिटनने कराराचा भंग केला, हे मात्र म्हटलं. आणि या निकालात एक जुना कागद कामाला आला. १९६५ च्या त्या भेटीनंतर, १ ऑक्टोबरला, रामगुलाम यांनी वसाहत खात्याच्या अधिकाऱ्याला स्वतःच्या हाताने एक चिठ्ठी लिहिली होती. बैठकीच्या इतिवृत्तात आणखी मुद्दे घाला, अशी: मासेमारीचा हक्क, विमानांना अडचणीत उतरण्याची सोय, हवामान केंद्राच्या सवलती, आणि बेटांवर किंवा भोवताली खनिज वा तेल सापडलं तर त्याचा लाभ. संरक्षणाची गरज संपली की बेटं परत करू, हे आश्वासन मूळ इतिवृत्तात होतंच. अर्ध्या शतकाने लवादाने म्हटलं: मासेमारीचं, परतीचं आणि खनिजांचं ही आश्वासनं ब्रिटनवर कायद्याने बंधनकारक आहेत.

रामगुलाम यांच्यावर मॉरिशसमध्ये ‘बेटं विकली’ असा आरोप वर्षानुवर्षं झाला. तो पूर्ण खोटा आहे असं मी म्हणणार नाही. पण हरलेल्या बैठकीतून बाहेर पडताना चार ओळी लिहून ठेवण्याचं भान त्यांना होतं.

प्रश्न कसा विचारावा

समोरून दावा लावता येत नाही. मग मॉरिशसने काय केलं, हा या प्रकरणाचा गाभा. आमसभेला न्यायालयाकडे सल्लागार मत मागता येतं आणि त्यासाठी कोणत्याही एका देशाची संमती लागत नाही. आमसभेत कोणाला नकाराधिकारही नाही. आपल्याकडच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेसारखंच: एका खोलीवाल्याचं एक मत, गच्चीसकट अख्खा मजला घेतलेल्याचंही एकच.

पण सभेत विषय काय ठेवायचा? ‘ही बेटं आमची की त्यांची?’ असं विचारलं असतं तर ब्रिटनने लगेच म्हटलं असतं की हे दोघांचं भांडण आहे, सभेत आणू नका. मॉरिशस आणि आफ्रिकी देशांनी ठरावात प्रश्न घातला तो असा: १९६८ साली मॉरिशसला स्वातंत्र्य देताना, चागोस वेगळं काढल्यानंतर, वसाहतमुक्तीची प्रक्रिया कायदेशीररीत्या पूर्ण झाली होती का? आणि नसेल, तर बेटांचा कारभार ब्रिटनकडेच राहिल्याचे परिणाम काय?

हा फरक वर्गाला समजावताना मी इमारतीच्या ओसीचं, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्राचं, उदाहरण देते, आणि ते लगेच पोचतं. बिल्डरने किल्ल्या दिल्या, लोक राहायला आले, पन्नास वर्षं झाली. तुमचा वाद आहे पार्किंगच्या जागेवरून. पण तुम्ही पार्किंगबद्दल न भांडता महापालिकेला फक्त एवढंच विचारता की या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र कधी मिळालं होतं का? त्याला बिल्डरची संमती लागत नाही. आणि उत्तर ‘नाही’ आलं की पार्किंगचा वाद आपोआप वेगळा दिसायला लागतो. वसाहतमुक्ती ही संयुक्त राष्ट्रांच्या मूळ कामांपैकी एक. ती पूर्ण झाली की नाही हे विचारायचा आमसभेला हक्कच आहे.

२२ जून २०१७ रोजी मतदान झालं: बाजूने ९४, विरोधात १५, तटस्थ ६५. तटस्थांत फ्रान्स, जर्मनी, इटली, स्पेन होते. वर्षभर आधी ब्रेक्झिटचा कौल लागला होता. एरवी ब्रिटनच्या मागे उभे राहणारे शेजारी या वेळी हाताची घडी घालून बसले. त्याच नोव्हेंबरमध्ये न्यायालयाच्या एका जागेसाठी ब्रिटनचे ख्रिस्तोफर ग्रीनवुड आणि भारताचे दलवीर भंडारी यांच्यात चुरस लागली, ब्रिटनने माघार घेतली, आणि न्यायालयाच्या इतिहासात पहिल्यांदाच ब्रिटिश न्यायाधीश उरला नाही.

सप्टेंबर २०१८ मध्ये हेगला सुनावणी झाली. मॉरिशसकडून पहिलं भाषण सर अनिरुद्ध जगन्नाथ यांचं. वय ८८. १९६५ साली लँकेस्टर हाऊसच्या बोलण्यांत ते तरुण वकील म्हणून हजर होते आणि त्या शिष्टमंडळापैकी तेवढेच हयात होते. रामगुलाम आणि जगन्नाथ ही मॉरिशसच्या राजकारणातली दोन घराणी, एकमेकांचे कट्टर विरोधक. पण २०१० चा लवाद रामगुलामांच्या मुलाने, नवीनचंद्र यांनी, पंतप्रधान असताना दाखल केला. २०१७ चा ठराव आणि हेगची सुनावणी जगन्नाथ पिता-पुत्रांच्या काळात झाली. आणि २०२५ चा करार पुन्हा नवीनचंद्रांच्या सहीने. सरकारं बदलली, फाइल तीच राहिली. याच काळात ब्रिटनचे किती परराष्ट्रमंत्री बदलले ते मोजायला मी मुलांना सांगते. उत्तर मोजणाऱ्यालाच मजेशीर वाटतं.

त्या सुनावणीत काही मिनिटांची एक चित्रफीत दाखवली गेली. लिझबी एलिझे नावाची चागोसवासी बाई क्रिओल भाषेत बोलते. जहाजावर चढवलं तेव्हा ती गरोदर होती. मूल पुढे जगलं नाही. ती कायदा बोलत नाही, फक्त आपल्या बेटावर जायचंय म्हणते. मराठी येणाऱ्या माणसाला क्रिओलचं अक्षरही कळत नाही, तरी मी ती फीत सबटायटल्सशिवाय आधी एकदा लावते.

२५ फेब्रुवारी २०१९ रोजी मत आलं. तेरा विरुद्ध एक: वसाहतमुक्ती कायदेशीररीत्या पूर्ण झाली नव्हती आणि ब्रिटनने बेटांवरचा कारभार शक्य तितक्या लवकर संपवावा. विरोधी मत अमेरिकी न्यायाधीश जोन डोनह्यू यांचं. २२ मे २०१९ ला आमसभेने त्यावर ठराव केला: ११६ बाजूने, ६ विरोधात, ५६ तटस्थ, सहा महिन्यांची मुदत.

वर्गातलं मतदान

हा ठराव आम्ही वर्गात खेळतो. पुठ्ठ्याच्या पाट्या, प्रत्येकाला एक देश, आणि खरा आकडा सांगण्याआधी आपला देश कसं मत देईल ते सकारण सांगायचं. विरारहून येणाऱ्या एका मुलीला मालदीव मिळालं. तिने क्षणाचाही विचार न करता हात वर केला: छोटा देश, बेटांचा देश, शेजारी, बाजूनेच देणार.

मालदीवने विरोधात मत दिलं होतं. ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, इस्रायल, हंगेरी आणि मालदीव. तिला ते पटेना. कारण साधं होतं: चागोस मॉरिशसचं झालं की मालदीव आणि मॉरिशस यांच्या सागरी हद्दी एकमेकींवर येतात आणि मासेमारीच्या पाण्यावर हक्काचा प्रश्न उभा राहतो. पुढे तो वाद समुद्री कायद्याच्या न्यायाधिकरणात गेला. जानेवारी २०२१ मध्ये त्या न्यायाधिकरणाने, २०१९ च्या सल्लागार मताचा आधार घेऊन, मॉरिशसच तिथला किनारी देश आहे असं धरलं आणि एप्रिल २०२३ मध्ये हद्दही आखून दिली. जे मत ‘फक्त सल्ला’ म्हणून ब्रिटनने बाजूला सारलं होतं, ते दुसऱ्या एका कोर्टात पाया म्हणून वापरलं गेलं. छोटी राष्ट्रं एकमेकांची सख्खी भावंडं असतात हा भाबडा समज त्या मुलीच्या पाटीने जितका मोडला तितका माझ्या कुठल्याच व्याख्यानाने मोडला नसता.

सहा महिने उलटले, ब्रिटन हललं नाही. इथे घाईत असलेला विद्यार्थी लिहितो, ‘म्हणून आंतरराष्ट्रीय कायदा निरुपयोगी.’ थांबा जरा. ऑगस्ट २०२१ मध्ये जागतिक टपाल संघटनेने त्या ‘ब्रिटिश’ प्रदेशाची तिकिटं मान्य करणं थांबवलं. वस्ती नसलेल्या बेटांच्या तिकिटांचं कोणाला काय पडलंय? पण टपाल गेलं, नकाशे गेले, हद्द गेली. फेब्रुवारी २०२२ मध्ये मॉरिशसच्या लोकांनी पेरोस बानोस बेटावर जाऊन आपला झेंडा रोवला आणि कोणी अडवलं नाही. ३ नोव्हेंबर २०२२ रोजी ब्रिटनने वाटाघाटी जाहीर केल्या.

आता उलट बाजू. हे सगळं कायद्याने घडलं, की ब्रेक्झिटने ब्रिटन एकटं पडलं म्हणून? आफ्रिकी संघाची एकगठ्ठा मतं नसती तर? भारताने पाठिंबा दिला नसता तर? भारत हेगला मॉरिशसच्या बाजूने उभा राहिला, आणि त्यामागे वसाहतवादविरोधाचा जुना वारसा आहे हे खरं. पण मॉरिशसच्याच अगालेगा बेटावर भारताने बांधलेली तीन किलोमीटरची धावपट्टी आणि धक्का फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला, हेही त्याच चित्रात ठेवायला हवं. आपण फुकट पाठीशी उभे राहिलो असं मानून छाती फुगवण्यात अर्थ नाही. माझं मत विचाराल तर ब्रेक्झिट आणि आफ्रिकी मतं ही वाऱ्यासारखी होती. वारा सगळ्यांनाच येतो. तो आला तेव्हा मॉरिशसची फाइल तयार होती. आणखी एक कारण वाटाघाटींत ब्रिटननेच मोकळेपणाने मांडलं: कायदेशीर स्थिती इतकी डळमळीत झाली की खुद्द तळाचंच भवितव्य धोक्यात येईल. म्हणजे मॉरिशसने ब्रिटनला हरवलं असं म्हणण्यापेक्षा, ताबा सोडणं हेच ब्रिटनला स्वस्त पडेल इथवर मॉरिशसने गोष्ट आणून ठेवली.

करार

२२ मे २०२५ रोजी, २०१९ च्या ठरावाच्या बरोबर सहाव्या वर्षी, ब्रिटनचे पंतप्रधान कीर स्टार्मर आणि नवीनचंद्र रामगुलाम यांनी दूरदृश्य प्रणालीवरून सह्या केल्या. करारानुसार दिएगो गार्सियासकट सगळी बेटं मॉरिशसची. दिएगो गार्सिया ९९ वर्षं ब्रिटनच्या वापरात, पुढे चाळीस वर्षं वाढवण्याची सोय, भोवती २४ सागरी मैलांचा पट्टा राखून. ब्रिटन वर्षाला सरासरी १० कोटी १० लाख पौंड देणार.

मुंबईत ९९ वर्षांचा भाडेपट्टा समजावून सांगायला लागत नाही. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्डावर नाव एकाचं, आत पिढ्यान्‌पिढ्या दुसराच, आणि इथे तर आतल्यानेही पोटभाडेकरू ठेवलेला. पागडीच्या इमारतीत वाढलेल्या एका मुलाने विचारलं, ‘मग मॅडम, मालकाला काय मिळालं? भाडं आणि नाव?’ इथे एक फरक आहे. पागडीच्या मालकाला भाडं नाममात्र मिळतं. मॉरिशसला मिळणारा पैसा त्यांच्या अर्थसंकल्पात दिसण्याइतका आहे, शिवाय समुद्राची हद्द आहे. पण तळ हलला नाही, हे त्याचं म्हणणं बरोबर. या लढाईत मॉरिशसने तळ हलवा अशी मागणीच केली नव्हती. तळाला आमची हरकत नाही हे ते वर्षानुवर्षं सांगत होते. अमेरिकेला शत्रू न करण्यासाठी दिलेली ती किंमत होती.

आणि त्याहून मोठी किंमत दुसऱ्याच कोणी मोजली. खेळ संपल्यावर विरारच्या त्याच मुलीने पाट्यांचा खोका उलटासुलटा करून विचारलं, ‘चागोसच्या लोकांची पाटी कुठे आहे?’ ती नव्हती. आमसभेतही नाही. वाटाघाटींच्या टेबलावर ते पक्षकार म्हणून बसले नाहीत. बाँकूल यांचा गट मॉरिशसच्या बाजूने. इंग्लंडमधल्या क्रॉलीत स्थायिक झालेले अनेकजण विरोधात. दिएगो गार्सियात जन्मलेल्या दोन महिलांनी सहीच्या दिवशी भल्या पहाटे लंडनच्या न्यायालयातून तात्पुरती मनाई मिळवली. दुपारी ती उठली आणि सह्या झाल्या. करारात त्यांच्यासाठी ४ कोटी पौंडांचा निधी आहे आणि बाकीच्या बेटांवर वस्ती करायची मुभा मॉरिशसला आहे. दिएगो गार्सियावर नाही. लंडनसमोर छोटं असलेलं मॉरिशस क्रॉलीतल्या चागोसवासीयाला छोटं दिसत नाही. छोटेपणा कोणाच्या शेजारी उभं राहून मोजता त्यावर असतो, आणि पाठ्यपुस्तकातली १५ लाखांची रेघ हे सांगत नाही.

सह्यांनी प्रकरण मिटलंही नाही. अमेरिकेच्या सरकारने २०२५ मध्ये कराराचं स्वागत केलं आणि जानेवारी २०२६ मध्ये खुद्द ट्रम्प यांनी त्याला मूर्खपणा ठरवलं. लंडनच्या संसदेतही विरोध आहेच. ९९ वर्षांच्या कराराची तब्येत एका माणसाच्या सकाळच्या मूडवर हलते, तेव्हा ‘बळी तो कान पिळी’ लिहिणाऱ्यांना पूर्ण शून्य गुण देता येत नाहीत.

परीक्षेत मी एकच प्रश्न देते. २३ सप्टेंबर १९६५ ला रामगुलाम यांच्या जागी तुम्ही आहात. मान्यता द्याल का? बहुतेक मुलं ‘नाही’ लिहितात, बाणेदार भाषेत, आणि पुढे स्वातंत्र्य कधी मिळालं असतं याचा हिशेब विसरतात. गेल्या वर्षी दलालाच्या कार्यालयातल्या त्या मुलाने दीड पानाचं उत्तर लिहिलं. मान्यता देईन, पैसे घेईन, मासेमारी आणि तेलाचं माझ्या हाताने लिहून देईन. शेवटच्या ओळीत कंसात: (पोच घेईन, आणि पोचेची झेरॉक्स घरी ठेवीन.)